एकोणीस चौकोन

रत्नाकरराव गावंडे जेवणाच्या टेबलावर भिंग घेऊन बसले होते. पुढ्यात अकरा बँकांची क्रेडिट कार्डाची माहितीपत्रकं. डाव्या हाताला न तपासलेली, उजव्या हाताला बाद झालेली. मधली जागा पास झालेल्या मालाची. तिथे चार दिवसांपासून लोणच्याची बरणी होती, कारण पास काहीच होत नव्हतं.

"ताट कुठे मांडू?" शैलजानं विचारलं.

"त्या टोकाला मांड. लॉट हलवू नको."

खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात रत्नाकररावांनी छत्तीस वर्षं तपासणीस म्हणून काढली होती. हातात एक पोलादी मापक असायचं. त्याची एक बाजू भोकात गेली पाहिजे, दुसरी जाता कामा नये. दोन्ही गेल्या तरी माल बाद, दोन्ही अडल्या तरी बाद. निवृत्तीच्या दिवशी मापक जमा करून घेतलं, पण नजर कोणी जमा करून घेतली नाही. क्वार्टर सोडून रांझीतल्या स्वतःच्या घरात येऊन दोन वर्षं झाली होती, आणि तेवढ्यात तीन दूधवाले, गॅसचा एक रेग्युलेटर आणि शैलजाचा एक चुलतभाऊ बाद झाला होता.

कार्डाची गोष्ट निघाली ती मशीनवरून. शैलजा पुढच्या खोलीत साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, पंचवीस वर्षांपासून. आता बायकांना ब्लाउजच्या पाठीवर भरतकाम हवं होतं. मोर, कमळ, एकीला तर नवऱ्याच्या नावाचं पहिलं अक्षर. ते करणारी मशीन गोहलपूरच्या दुकानात होती. बेचाळीस हजार. दुकानदार म्हणाला होता, "भाभीजी, क्रेडिट कार्ड हो तो बारह किस्त, ब्याज कुछ नहीं."

"उधारी?" रत्नाकररावांनी तो शब्द असा उच्चारला, जसा दुसरा कोणी 'साप?' म्हणतो.

"बिनव्याजाचे हप्ते आहेत म्हणून राहिला तो."

"काहून पण? गावंडेंच्या घरात आजपर्यंत कर्जाचा एक रुपया आला नाही. निरोपसमारंभात बोललो होतो मी, आठवते नं?"

आठवत होतं. ते वाक्य बोलताना त्यांचा आवाज कापरा झाला होता आणि साऱ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या होत्या. पहिल्या रांगेत बसलेली शैलजा मात्र पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. त्या वाक्याचं खरं वजन तिला एकटीला माहीत होतं. चार तोळे. दोन पाटल्या.

पाटल्या माहेरच्या. तिचे वडील शालिग्राम काळमेघ सराफ्यात एका पेढीवर हिशेब लिहायचे. त्यांनी एकेक मासा सोनं साठवून त्या घडवल्या होत्या. त्या पाटल्या तीनदा बँकेत जाऊन आल्या होत्या. पहिल्यांदा श्रीकांतच्या कोचिंगसाठी. रत्नाकररावांना सांगितलं, पोराला शिष्यवृत्ती मिळाली. दुसऱ्यांदा नणंदेच्या, इंदूच्या, मुलीच्या लग्नात आहेर करायचा होता तेव्हा. सांगितलं, भिशी लागली. तिसऱ्यांदा या घराच्या स्लॅबला पैसे कमी पडले तेव्हा. सांगितलं, शशिकांतदादानं दिले. तिन्ही वेळा शैलजानं फॉल-पिकोच्या पैशातून, तारीख न चुकवता, पाटल्या सोडवून आणल्या.

शिष्यवृत्तीचे पेढे रत्नाकररावांनी अख्ख्या विभागात वाटले. आणि शशिकांत, जो आधी 'तुझा भाऊ' होता, तो स्लॅबनंतर 'शशिकांतजी' झाला. दर दिवाळीला त्याच्याकडे एक किलो खोव्याची जिलबी जायची. शशिकांतनं एकदा बहिणीला विचारलंही होतं, "भाऊजींना काही झालं का गं? माझ्या पाया पडतात की काय असं वाटते."

शैलजानं हे लपवलं ते भीतीनं नाही. रत्नाकरराव आयुष्यात कधी तिच्यावर ओरडले नव्हते. ओरडण्याआधीच ते वहीत नोंद करत. पण तो माणूस त्या एका वाक्यावर उभा होता. बढती दोनदाच मिळाली, पोरगा बंगळुरूला राहिला, गुडघे गेले. वाक्य तेवढं शाबूत होतं. ते काढून घेतलं तर खाली काय उरतं, हे पाहायची शैलजाला हौस नव्हती.

म्हणून तिनं मशीनचा हट्ट केला नाही. एवढंच म्हणाली, "घ्यायचं नाही जी. नुसतं तपासून तर पाहा, चांगलं असते का वाईट."

तपासायला काही मिळालं की रत्नाकररावांच्या गुडघ्यांचं दुखणं थांबतं, हे तिला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ते बसनं शहरभर हिंडून पत्रकं घेऊन आले. वहीत रकाने पडले. विमानतळावर फुकट बसायला आणि खायला देणाऱ्या कार्डापुढे शेरा पडला, 'डुमन्याच्या विमानतळावर जाऊन बसता येईल. पुढे कुठे जायचे, नमूद नाही.' पेट्रोलवर सूट देणाऱ्यापुढे, 'स्कूटरला महिन्याला चार लिटर.' सिनेमाच्या दोन तिकिटांपुढे, 'शेवटचा सिनेमा श्रीकांतच्या जन्माआधी.' आयुष्यभर फुकट असलेल्या कार्डापुढे नुसतं, 'का?'

सगळ्यात जास्त राग त्यांना पत्रकाच्या तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलेल्या एका ओळीचा आला. "हे पाह्य. बिलाचे पाच टक्के भरा, बाकी पुढच्या महिन्यात चालेल म्हणते. अन् त्या बाकीवर व्याज वर्षाला चाळीस टक्के. अगं, आमच्या गावचा सावकार निदान मुंगीच्या अक्षरात तरी नव्हता लिहीत."

"म्हणजे पूर्ण बिल तारखेच्या आत भरलं तर व्याज नाही," शैलजा पोळी लाटता लाटता म्हणाली.

"हो. पण—"

"मग बिल कोणत्या तारखेला निघते ते पाहा नं. आपली पेन्शन एक तारखेला, माझ्या बायका पैसे देतात सहा-सातपर्यंत. बिल पंधराच्या आसपास भरायचं असलं तर जमते. बाकी पॉइंट-बिइंट सोडा."

रत्नाकररावांनी भिंगातून तिच्याकडे पाहिलं. चार दिवसांत हा रकाना त्यांना सुचला नव्हता.

"तुला काय माहीत हे?"

शैलजाची पोळी तव्यावर जरा जास्त फुगली. "बायका बोलतात," ती म्हणाली.

त्या एका रकान्यानं निकाल लागला. एक साधंसुधं कार्ड, वर्षाची फी नाममात्र, बिल भरायची तारीख सोळा. लोणच्याची बरणी उचलली गेली. रत्नाकररावांनी निवाडा दिला की व्याज नाही तर कर्ज नाही, ते फक्त मुदतीचं देणं आहे. आणि कार्ड शैलजाच्या नावावर घ्यावं, कारण मशीन तिची. हे म्हणताना त्यांचा चेहरा उदार झाला होता. गॅस, वीज, घर, दारावरची पाटी, सगळं 'र. ग. गावंडे' होतं. एक गोष्ट बायकोच्या नावावर असायला हरकत नव्हती.

बँकेकडून फॉर्म भरायला प्रतिमा नावाची तिशीतली बाई घरी आली. मराठी घरातली, पण शाळा, कॉलेज, नोकरी सगळं हिंदीत. "काकू, मला मराठी समजते पूर्ण," ती म्हणाली. "बोलायला गेली की बीच में हिंदी निघून जाते."

"निघू दे," शैलजा म्हणाली. "पोहे खा."

आधार कार्ड झालं. शैलजा रत्नाकर गावंडे. मग प्रतिमानं पॅन कार्ड मागितलं. शैलजानं शिलाई मशीनच्या खणातून, बॉबिनच्या डबीखालून काढून दिलं.

प्रतिमानं ते उलटंसुलटं केलं. "काकू, ये पुष्पा कौन?"

"मीच."

"आणि शैलजा?"

"तीही मीच. आमच्यात लग्नात नाव बदलतात नं. तुझं नाही झालं का लग्न?"

"झालं. पण मी नाही बदललं. सासूबाई बोलल्या, आता नव्वद ठिकाणी बदलवावं लागते, राहू दे."

लग्नात ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं असतं. रत्नाकररावांनी एका दमात 'शैलजा' लिहिलं होतं आणि गुरुजींनी अक्षराचं कौतुक केलं होतं. काळमेघांची पुष्पा तिथेच तांदळाखाली गेली. राहिली फक्त मॅट्रिकच्या सर्टिफिकेटवर आणि वडिलांनी उघडून दिलेल्या बँकेच्या खात्यात. पुढे पॅन काढायची वेळ आली तेव्हा शैलजानं मॅट्रिकचंच सर्टिफिकेट दिलं होतं. का, ते तिनं रत्नाकररावांना सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी पॅन पाहिलं नव्हतं. त्यांच्या समजुतीनं त्या घरात एकच पॅन होतं.

"हे पॅन कधी काढलं?" त्यांनी आता विचारलं.

"असंच. मागे लागत होतं म्हणून."

"कशाला लागत होतं?"

"काही टेन्शन नाही अंकलजी," प्रतिमा मध्ये पडली. "शपथपत्र देऊन देऊ, की दोन्ही एकच आहेत. आधी पॅन टाकून पाहते, पुष्पा काकूंचा रिपोर्ट काय म्हणते. काकू, मोबाइलवर ओटीपी येईल, तो सांगा फक्त."

ओटीपी आला. शैलजानं चष्मा लावून सहाही आकडे खणखणीत वाचून दाखवले. बँकेतल्या जुन्या कर्जाची खबर कुठे दूर लिहिलेली असते आणि ती असे सहा आकडे उच्चारल्यावर चालत घरी येते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पाटल्या सुटल्या की पान फाटलं, असा तिचा हिशेब होता.

प्रतिमाचा चेहरा उजळला. "अरे वा, काकू. सातशे श्याण्णव. नऊशेपैकी. इतका स्कोर तर आमच्या मॅनेजरचा पण नाही."

"कशाबद्दल?" रत्नाकररावांनी विचारलं.

"गोल्ड लोन घेतले नं काकूंनी. तीन. दो हज़ार दस, तेरा आणि पंधरा. तिन्ही बंद, एक दिवसाचा पण उशीर नाही. एकदम टॉपर."

प्रतिमाचा चमचा पोह्यांतच राहिला. प्रतिमानं आधी एकाकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे, आणि ती लगबगीनं उठली. "मी फॉर्म ठेवून जाते. परवा येते. पोहे छान होते."

रत्नाकररावांनी दार लावून घेतलं. त्यांनी वही उघडली. नव्या पानावर तीन सालं लिहिली, आणि प्रत्येकापुढे रकाना ओढला.

"दहा," ते म्हणाले. "श्रीकांतची शिष्यवृत्ती."

"हो."

"तेरा. इंदूकडचं लग्न. भिशी."

"हो."

"पंधरा." इथे त्यांचं पेन थांबलं. "शशिकांतजी?"

"त्यानं एक वीटही नाही दिली," शैलजा म्हणाली. "बिचारा तीन वर्षांपासून जिलबी खाऊन राहिला."

दोन दिवस घरात फक्त कामापुरतं बोलणं झालं. रत्नाकररावांनी जेवण टाकलं नाही. जेवण टाकणं हा त्यांच्या मते अन्नाचा सदोष वापर होता. पण वरणात मीठ जास्त पडलं तरी नोंद झाली नाही, आणि याची शैलजाला खरी काळजी वाटली. दारात दूधवाला पाणी घातलेलं दूध देऊन गेला. रत्नाकररावांनी नुसतं पातेलं आत आणून ठेवलं.

तिनं एकदा विषय काढला. "रागावले का?"

"नाही."

"मग?"

"छत्तीस वर्षं," ते खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "केसाएवढी चीर सुटली नाही माझ्या नजरेतून. अन् घरात..." मग म्हणाले, "ऐन लग्नाच्या महिन्यात भिशी लागली तुला. मी म्हणायचो, बाई नशीबवान आहे."

शैलजाला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे भरले, म्हणून ती मशीनवर जाऊन बसली आणि कोणाच्यातरी साडीला नको तिथपर्यंत पिको करत गेली.

तिसऱ्या दिवशी प्रतिमा आली, तेव्हा रत्नाकरराव इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. समोर त्यांचं पॅन, आधार, पेन्शनचे कागद, निवृत्तीच्या दिवशी मिळालेलं प्रशस्तिपत्र, सगळं मापात मांडलेलं.

"कार्ड माझ्या नावानं करा," ते म्हणाले. "मी आयुष्यात एक रुपया कोणाचा ठेवला नाही. जिनं तीनदा कर्ज काढलं तिला सातशे श्याण्णव, तर मला किती, ते पाहू द्या."

शैलजा दारात उभी राहिली. तिला कळलं की ही परीक्षा कार्डाची नाही. त्या वाक्याची आहे, आणि देव करो, प्रतिमाच्या मोबाइलमध्ये मोठा आकडा असो. मशीन गेली खड्ड्यात.

ओटीपी आला. रत्नाकररावांनी वाचला. प्रतिमानं मोबाइल पाहिला, मग पुन्हा पाहिला.

"अंकलजी, काहीच नाही येऊन राहिलं."

"काहीच नाही म्हणजे? बाकी शून्य. बरोबर आहे."

"नाही, मतलब, शून्य पण नाही. रेकॉर्डच नाही. ज्यानं कधी कर्ज घेतलं नाही, त्याचं काही लिहिलेलंच नसते. सिस्टम को कैसे पता चलेगा कि आदमी लौटाता है या नहीं?" तिनं जमेल तितक्या हळू सांगितलं. "सिस्टममध्ये तुम्ही नाहीच आहे अंकलजी."

रत्नाकररावांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. शैलजा त्यांच्या हातांकडे पाहत होती. हात टेबलावर होते आणि त्यांच्यामध्ये, पास झालेल्या मालाच्या जागी, काही नव्हतं.

"बरोबर आहे," शेवटी ते म्हणाले. आवाज तपासणीसाचा होता, आणि शैलजाला दोन दिवसांत पहिल्यांदा हायसं वाटलं. "न वापरलेल्या मालाचं काय सांगणार? भार टाकल्याशिवाय कळत नाही, टिकते का तुटते." मग त्यांनी तिच्याकडे न पाहता वहीतलं ते तीन रकान्यांचं पान उघडलं आणि तिन्हींपुढे एकेक बारीकशी खूण केली. तीच खूण, जी ते कारखान्यात तोफगोळ्यांवर करायचे. त्या खुणेनंतर माल बाहेर जायचा.

"मग आता?" त्यांनी प्रतिमाला विचारलं.

"कार्ड काकूंच्या नावानं. तुम्हाला पाहिजे असेल तर त्याच्यावर एक दुसरं देते बँक. तुमचं नाव, पण काकूंच्या खात्यावर. लिमिट किती ठेवायची, ते काकू ठरवतील."

"किती ठेवशील?" रत्नाकररावांनी विचारलं.

"चार लिटर पेट्रोल," शैलजा म्हणाली.

प्रतिमा हसली. रत्नाकररावांनी मान डोलावली. मागणी वाजवी होती.

मग शपथपत्र. शब्द प्रतिमानं सांगितले, अक्षर रत्नाकररावांचं: पुष्पा शालिग्राम काळमेघ आणि शैलजा रत्नाकर गावंडे या दोन नावांची स्त्री एकच असून, हे मी व्यक्तिशः जाणतो. 'व्यक्तिशः जाणतो' लिहून झाल्यावर ते थांबले. न पाहता सही त्यांनी उभ्या जन्मात केली नव्हती. त्यांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा पुसला आणि दारात उभ्या असलेल्या बायकोकडे चांगलं निरखून पाहिलं. मग सही केली.

"आता फक्त हे," प्रतिमा म्हणाली. फॉर्मवर एका ओळीत एकोणीस चौकोन होते. "कार्डावर जे नाव छापायचं, ते इथे. कॅपिटलमध्ये."

रत्नाकररावांनी पेन उचललं. आधी पेनच्या टोकानं चौकोन मोजले. "दोन्ही नावं अन् आडनाव घालू म्हटलं तर चार चौकोन कमी पडतात. बसत नाहीत. एकच घालावं लागेल." ते थांबले. शैलजाला वाटलं, आता लिहितील. पेन टेकलं नाही. "कोणतं घालू?"

असा प्रश्न आपल्याला कोणी विचारेल म्हणून तिनं उत्तर तयार ठेवलेलं नव्हतं. आत जाऊन तिनं चहाचं आधण चढवलं, आलं किसलं, साखर घातली. बाहेर प्रतिमानं घड्याळ पाहिलं असावं, कारण रत्नाकररावांचा आवाज आला, "होऊ द्या. घाई नाही."

चहाला उकळी आली तशी ती स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "पुष्पा गावंडे."

"पुष्पा गावंडे," बाहेर त्यांनी उच्चारून पाहिलं. "अशी तर कोणी नव्हती आजपर्यंत."

"नव्हती नं."

ती ट्रे घेऊन बाहेर आली, तेव्हा पहिल्या चौकोनात एक अक्षर काढलेलं होतं, अगदी मापात, आणि रत्नाकरराव पेन उचलून बसले होते. तांदळात लिहिताना ते एकदाही अडले नव्हते.

"पुढे सांग," ते म्हणाले. "तू सांगशील तसं लिहितो."